काचेखालचा कण आणि माझे व्याही

नऊ एप्रिल. संध्याकाळचे सहा वाजले आहेत. आठ फडकी गरम पाण्यात धुवून आतल्या खोलीत दोरीवर घातली आहेत, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून. बाहेर वाळत घालायची सोय नाही. उद्या पहाटे एक गाडी करायची आहे, आणि अंगणातली धूळ फडक्यावर बसली तर ती काचेवर जाणार, काचेवरून फिल्मखाली जाणार आणि तिथून जन्मात हलणार नाही. खोलीत उकडून जीव चालला आहे. नवऱ्याने दोनदा पंखा लावला, मी दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा तो बटणाजवळ उभा राहून म्हणाला, "तू त पुरी तुह्या इवायासारखी होऊन राहिली." इवाई म्हणजे व्याही. मी म्हटलं, बाहेर जाऊन बसा. तो गेला, आणि मी लिहायला बसले.

अख्ख्या नागपुरात धुळीशी ज्याचं खासगी वैर आहे असा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. बाकीचे लोक धुळीला वैतागतात, झाडतात आणि विसरतात. माझे व्याही तिचा माग काढतात. एखादा कण दिसला तर तो कुठून आला, कोणाच्या अंगावरून आला, कोणत्या वाऱ्याने आला याचा ते तपास करतात, आणि तपास पुरा होईपर्यंत जेवायला बसत नाहीत. धंदाच तसा आहे म्हणा. गाडीच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून देणं, हे काम ते तीस-एक वर्षं करत आहेत. सक्करदऱ्याला घरामागे पत्र्याची शेड आहे, बाहेर पाटी नाही. नियमात बसते तेवढी फिकट फिल्मच ते लावतात. काळी मागणाऱ्याला सांगतात, "काळं पाह्यजे त गॉगल घ्या, तो सस्ता पडते," आणि शेडचं दार लावून घेतात.

फिल्म लावणं ऐकायला सोपं आहे. काच धुवायची, साबणाचं पाणी मारायचं, फिल्मच्या पाठीवरचा पातळ कागद सोलायचा, ओली फिल्म ओल्या काचेवर ठेवून रबरी पट्टीने पाणी बाहेर काढायचं. पाण्याचे बुडबुडे आठ-दहा दिवसांत आपोआप वाळून जातात. कण मात्र जात नाही. फिल्मखाली एक केस, एक दोरा, एक रेतीचा दाणा अडकला की तिथे कायमची पुळी उठते, आणि गाडीचा मालक दर सिग्नलला तिच्याकडे बघत बसतो. कागद सोलला की फिल्म आजूबाजूचं सगळं स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे तो अर्धा-पाऊण मिनिट म्हणजे खरी परीक्षा. त्या वेळात व्याही श्वाससुद्धा नाकाने, आणि तोही बाजूला तोंड करून घेतात. बोलायची तर सक्त मनाई. "बोलनं म्हणजे थुकीचा फवारा," हे त्यांचं मत आहे, आणि ते मत त्यांनी एरवीच्या आयुष्यालाही लावलं असतं तर घरच्यांना बरं झालं असतं, पण शेडच्या बाहेर त्यांचं तोंड थांबत नाही.

समोरच्या घरातल्या बाईंनी सकाळी आठच्या आत अंगण झाडू नये, असा त्यांनी करार केला आहे. मोबदल्यात दर संक्रांतीला तिळाच्या लाडवांचा डबा त्यांच्या घरी जातो. शेडमध्ये पहाटे तीन बादल्या पाणी शिंपडलं जातं. पंखा नाही. सुती कपडे नाहीत, कारण सुताचे धागे सुटतात. व्याही छत्रीच्या कापडाची पँट आणि शर्ट घालतात. हा पोशाख मीच शिवून दिला आहे, आणि तो घालून ते चालतात तेव्हा कोणीतरी छत्री उघडून मिटतंय असा आवाज येतो. उन्हाळ्यात काम पहाटे साडेपाच ते आठ, त्यानंतर नाही, कारण आठनंतर साबणाचं पाणी काचेवर वाळतं आणि लू सुटते. एकदा एक पुढारी गाडी घेऊन अकराला आले. व्याह्यांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि उद्या पहाटे पाचला यायला सांगितलं. ते आले, हे विशेष.

आमची सोयरीक जुळली तेव्हा मला या प्रकरणाची काही कल्पना नव्हती. मुलीकडच्यांना वरपक्षाच्या मागण्यांची धास्ती असतेच. यांची मागणी एकच होती: नवरदेवाच्या गाडीची काच कोणी खाली करू नये. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला फिल्म लावली होती, आणि ती पक्की बसायला चार दिवस लागतात. मंगलाष्टकांच्या वेळी मुलाचे वडील दिसेनात. शोधलं तर ते मंडपाबाहेर गाडीजवळ उभे, अक्षता घेऊन येणाऱ्या पोरांना हुसकून लावत होते. पाठवणीच्या वेळी माझी मुलगी गाडीत बसली, फोटोवाला म्हणाला काच खाली करा, ताई बाहेर बघताहेत, आई हात धरते आहे असा फोटो घेऊ. मुलगी रडत होती, तिने बटणाला हात घातला. व्याही धावत आले आणि मध्ये उभे राहून म्हणाले, "काच नाही उघडत. दार उघडा, काय रडाचं ते रडून घ्या, आन् दार लावून टाका." आम्ही दार उघडलं, रडलो, दार लावलं. आमच्या अल्बममध्ये त्या फोटोत निम्म्याहून जास्त व्याह्यांची पाठ आहे.

मुलगी मात्र सुखात आहे. तिनेच मागच्या दिवाळीनंतर मला फोन केला. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि महिनाभर धूळ, साबणाचं पाणी, वाकणं सगळं बंद म्हणून बजावलं. व्याही म्हणाले, मग शेड कोण पाहील? मुलगा बँकेत आहे आणि त्याला साधा मोबाइलच्या काचेचा कागद सरळ लावता येत नाही. हाताखाली आलेली माणसं आठ-पंधरा दिवसांत पळून गेली. घरातल्यांनी फार मागे लागल्यावर व्याह्यांनी अट घातली: एक अख्खी गाडी, चार दारं आणि मागची काच, एकही कण न येऊ देता जो करून दाखवील त्याच्या हातात शेड देतो, आणि त्याच दिवशी डोळे डॉक्टरच्या हाती देतो. त्याआधी नाही. "आई," मुलगी म्हणाली, "डॉक्टर म्हणतात आणखी थांबले तर ऑपरेशन अवघड होत जाईल. तुझ्या हातात काम आहे. तू शीक ना."

माझं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे, त्यांच्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर. वीस वर्षं मी शिवते आहे. कापणं, ताणणं, सुरकुती न पडू देता बसवणं मला येतं. मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं कारण नव्हतं. गिऱ्हाईकं माझ्याकडेही फिल्मची चौकशी करतच होती. अडचण वेगळीच निघाली, आणि ती मला पहिल्या दिवशी कळली.

मी दुकानातून थेट गेले होते. सीटकव्हरचं काम म्हणजे अंगभर फोमचा भुगा, केसात दोरे. शिवाय मी कुही गावची, धानाच्या कोंड्यात वाढलेली. मला असल्या गोष्टी जाणवतही नाहीत. व्याह्यांनी मला शेडच्या दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी म्हैस घेऊन आले आहे. पण मी पडले ईनबाई; आमच्याकडे विहिणीला असंच म्हणतात. सुनेच्या आईला आधी आंघोळ करा, असं कसं सांगणार? ते बराच वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "सूनबाई, न्हाणीत गरम पाणी काढ वं! ईनबाई दुरून आल्या, थकल्या असतीन."

माझी मुलगी दारात आली आणि सरळ म्हणाली, "आई, ते म्हणून राहिले, आंघोळ करून ये."

"मी असं कुठं म्हणलो?" व्याही दुखावले. "मी म्हणलो पानी काढ."

मी आंघोळ केली. त्या हिवाळ्यात त्यांच्या न्हाणीत मी इतक्या आंघोळी केल्या की साबणाच्या दोन वड्या मीच आणून ठेवल्या. मुलीची व्यायामाची नायलॉनची पँट, तिचाच तसला सदरा, डोक्याला प्लास्टिकची टोपी, हा माझा वेश ठरला. त्या वेशात मला पहिल्यांदा पाहून विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि अर्धा तास स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

आंघोळीचं असं निभावलं, पण शिकवायचं म्हणजे रागवावं लागतं, आणि ईनबाईला रागवता येत नाही. दोन दिवस त्यांनी दात दाबून धरले. तिसऱ्या दिवशी मी ओली फिल्म कडेऐवजी मधोमध धरली, त्यावर बोटांचे ठसे उमटले, आणि त्यांचा बांध फुटला. मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोर उभ्या असलेल्या गाडीकडे वळले आणि कडाडले, "काहून वं गाडी, तुले अक्कल हाय का नाही? पोटाले हात लावते काय कोनी फिल्मच्या? कडेले धराचं, कडेले! किती डाव सांगू तुले?" मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ईनबाई, चहा घेता न?"

त्या दिवसापासून हा रिवाजच पडला. सगळी बोलणी गाडीला आणि चहा मला. पाणी कमी मारलं की गाडी आळशी, पट्टी तिरपी चालली की गाडी आंधळी, सोलताना मला खोकला आला की गाडी जन्माची रोगट. एका छोट्या निळ्या गाडीला तर त्यांनी एका सकाळी इतकं झापलं की तिचा मालक, जो फाटकाशी उभा होता, तो हळूच मला विचारू लागला, "गाडीत काही प्रॉब्लेम आहे का मॅडम?" मीही ही रीत उचलली. मला काही विचारायचं असेल तर मी ते त्यांना विचारायचे, पण उलटून बोलायचं असेल तर गाडीला बोलायचे. "गाडी, तुझ्या गुरुजींना म्हणावं, एका वेळी एकच गोष्ट सांगा." व्याही ऐकायचे, मान हलवायचे आणि गाडीला म्हणायचे, "त्याईले म्हण, ठीक हाय."

अशी मी शिकले. दारावरची रबरी पट्टी आधी धुवायची, मग काच, मग पुन्हा पट्टी. काच नखाने तपासायची, पात्याने घासायची, पुन्हा नखाने तपासायची. हात कोपरापर्यंत धुवायचे आणि मग कशालाच लावायचे नाहीत, नाकालासुद्धा नाही. आणि हात धुतले की नाक हटकून खाजतं, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. डिसेंबरात माझ्या एका काचेत वीस कण असायचे. जानेवारीत पाच-सहा. व्याही डोळ्यांनी बघत नसत, बोटांनी बघत. काच वाळली की मधल्या बोटाचं टोक वरून खाली, ओळीओळीने फिरवत जायचे, आणि अडलं की थांबून म्हणायचे, "अठी," म्हणजे इथे. मला वाटायचं ही त्यांची जुनी पद्धत असेल.

ती जुनी नव्हती, हे मिरच्यांमुळे कळलं. माझ्या विहीणबाई भिवापूरच्या. फेब्रुवारीत त्यांच्या माहेरून वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या पोत्याने येतात. शेड आणि अंगण एकाला एक लागून, म्हणून अंगणात देठं खुडायला व्याह्यांची बंदी आहे, आणि दरवर्षी यावरून नवरा-बायकोत आठ दिवस अबोला असतो. त्या दिवशी विहीणबाई माजघरात पोतं पसरून बसल्या होत्या. मी चहाला गेले तर म्हणाल्या, "ईनबाई, बसा न घडीभर. हात लावता काय थोडासा?" आता ईनबाईने ईनबाईला नाही म्हणायचं नसतं. मी अर्धा तास देठं खुडली, हात साबणाने दोनदा धुतले आणि शेडमध्ये जाऊन एका पांढऱ्या गाडीची मागची काच केली. सदरा बदलायचं डोक्यात आलं नाही. फार छान बसली होती काच. मग पाणी निथळलं, आणि आत अकरा लाल ठिपके दिसू लागले. लाल म्हणजे भिवापुरी लाल. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभी असलेली माझी मुलगी तिथूनच "अगं बाई" म्हणाली.

व्याही जवळ आले. काचेपासून वीतभर अंतरावर तोंड नेलं, बोट फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. "रेती," ते म्हणाले. "काहून वं गाडी, रेती कोठून आनली तू? धुतली नाही काय पट्टी?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. विहीणबाई माजघराच्या दारात तिखटाचे हात पुढे धरून उभ्या होत्या. व्याह्यांना शिंक आली, मग दुसरी आली, मग तिसरी. ते बोट नाकाजवळ नेऊन हुंगू लागले. शेवटी गाडीला म्हणाले, "मिरची खाल्ली म्हणून सांगत काहून नाही वं?" आणि हसले. आम्हीही हसलो. विहीणबाई मात्र आत गेल्या आणि मिरच्यांचं पोतं बांधून ठेवलं. यंदाचं तिखट त्यांनी तयार विकत आणलं, जे त्यांच्या माहेरी अजून कोणाला माहीत नाही.

खरं म्हणजे त्यांच्या काचांत कण राहताहेत, हे मला त्याआधीच दिसलं होतं. त्यांनी केलेल्या गाड्या माझ्यासमोरून जात होत्या. एका काचेत दोन कण, एखादीत चार, खालच्या कडेला एक केस. त्यांच्या स्वतःच्या गाडीची फिल्म त्यांनी दोन वर्षांमागे नवी लावली होती. तिच्या मागच्या डाव्या दाराच्या काचेत तर पुरळ उठल्यासारखं होतं. हा तोच माणूस, ज्याने तीस वर्षांत एक कण जाऊ दिला नव्हता. वर गिऱ्हाईकंही काही बोलत नव्हती. म्हातारा माणूस, जीव लावून करतो, नाव मोठं आहे; घेऊन जात होती बिचारी. आणि मी कशी बोलणार? मी मुलीची आई. मुलगी दिलेल्या घरात दोष दाखवायचा नाही, हे मला कोणी वेगळं शिकवलं नव्हतं, ते आपोआप येतं. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही. कापडाचे व्यापारी मला दुरून पाहून भाव कमी करतात. पण इथे माझी जीभ उचलली नाही. मी एवढंच ठरवलं की गाडी लवकर करायची, म्हणजे डोळे लवकर होतील.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शिक्षिकेची नवी करडी गाडी आली. व्याही म्हणाले, "ईनबाई, आज तुमची." ते शेडच्या बाहेर स्टूल टाकून बसले, पाठ करून. मी पहाटे साडेपाचला सुरू केलं. पाणी मारलं, पट्ट्या धुतल्या, काच घासली. माझ्या लक्षात आलं होतं की माझे उरलेसुरले कण नेहमी खालच्या कडेला येतात, जिथे काच दारात शिरते आणि आतली मखमली पट्टी धूळ धरून बसते. त्या पट्टीवर मी चिकटपट्टी दाबून लावली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका दाराला मात्र लावायची राहिली.

साडेआठला व्याही आत आले आणि या वेळी त्यांनी डोळे सरळ मिटूनच घेतले. पहिल्या दारावर बोट वरून खाली गेलं. दुसऱ्या. मागच्या काचेला पाच मिनिटं लागली. तिसऱ्या. चौथ्या दाराच्या तळाशी बोट थांबलं.

"अठी."

मी वाकून पाहिलं. मोहरीच्या चौथाईएवढा एक कण. मुलगी तिथेच होती, ती म्हणाली, "बाबा, एवढा एक राहू द्या ना. कोणाला दिसते तो?"

"गाडी," व्याही म्हणाले, "सूनबाईले सांग, अट माही हाय."

मुलीचा चेहरा पडला. मी मात्र तोवर फिल्मची कड उचलली होती. "गाडी," मी म्हटलं, "यांना म्हणावं, बाहेर जाऊन बसा." ती काच मी पुन्हा केली, चिकटपट्टीसकट. ऊन शेडमध्ये आलं होतं, पाणी भराभर वाळत होतं, आणि कोणाच्या तरी घरात मसाला भाजायला घेतल्याचा वास येऊन माझं नाक हुळहुळत होतं. नाकाला मी हात लावला नाही. तासाभराने त्यांनी बोट फिरवलं. वरून खाली, पुन्हा खालून वर. मग त्या बोटाने कपाळावरचा घाम पुसला, गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, "चाल वं गाडी, डॉक्टरले फोन लाव."

शब्दाचा माणूस. दोन्ही डोळे एकामागून एक मार्चमध्ये झाले. महिनाभर शेड माझ्याकडे होती. सकाळी शेड, दुपारी शिलाई. व्याही काळा चष्मा लावून ओट्यावर बसत आणि रस्त्यावरच्या गाड्यांना सूचना देत. काळा चष्मा निघाल्यावर घरातल्यांचे हाल सुरू झाले, कारण त्यांना सगळं दिसू लागलं. भिंतीवर हे काय, पातेल्याच्या बुडाला ते काय. विहीणबाईंना म्हणाले, "तुहे केस कधी पांढरे झाले?" त्या म्हणाल्या, "तुम्ही शेडात होते तेव्हा."

आज डॉक्टरांनी धुळीची बंदी उठवली, आणि व्याही सकाळी शेडमध्ये आले. मी केलेली एक गाडी उभी होती. तिच्या काचा त्यांनी आधी बोटाने पाहिल्या, मग हसून बोट मागे घेतलं आणि डोळ्यांनी पाहिल्या. "बरं हाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मोठं आहे. मग सहज म्हणून ते ऑपरेशननंतर पहिल्यांदाच अंगणात, आपल्या स्वतःच्या गाडीकडे गेले.

मी आत फडकी गोळा करत होते. बराच वेळ आवाज नाही म्हणून बाहेर आले. ते मागच्या डाव्या दारासमोर उभे होते. ऊन काचेवर तिरपं पडलं होतं आणि प्रत्येक कण उठून दिसत होता. मला वाटलं आता गाडीवर तोफ डागतील. ते गाडीला एक शब्द बोलले नाहीत.

"ईनबाई," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "हे तुम्हाले दिसत होतं?"

"हो."

"सगळं?"

"हो."

"मंग बोल्ल्या काहून नाही?"

मी म्हटलं, "कशी बोलणार? मुलगी दिली आहे तुमच्या घरी."

ते तिथेच ओट्यावर टेकले. छत्रीच्या कापडाची कुरकुर झाली. "दोन वर्सं," ते म्हणाले. "दोन वर्सांत मी किती गाड्या देल्या लोकाईले. अन् लोकं घेऊन गेले. कोनी मले सांगतलं नाही. तुम्ही नाही, पोरानं नाही." मग तोंडावरून हात फिरवून म्हणाले, "मले वाटे, लोकं काही बोलत नाही म्हणजे काच साफ हाय." मग उठून फोन आणायला निघाले. एकेकाला बोलावतो, सगळ्यांच्या काचा नव्याने करून देतो म्हणून.

मी म्हटलं, "सगळ्यांना बोलवा. पण आधी ही करू. उद्या पहाटे." ते थांबले, आणि मान हलवली. मी फडकी पिशवीत भरली आणि घरी आले. तीच आता दोरीवर आहेत. नवऱ्याने चौथ्यांदा विचारलं आहे, पंखा लावू का. नाही.

इथपर्यंत काल लिहून ठेवलं होतं. आज दहा. सकाळी साडेपाचला मी पोचले तेव्हा व्याह्यांनी तिन्ही बादल्या शिंपडून ठेवल्या होत्या. जुनी फिल्म मी सोलली, गोंद काढला, काच धुतली. नवी त्यांनी स्वतः लावली. मी पाणी मारत होते. हात तोच, जुना, कडेला धरून एका दमात वरून खाली पट्टी. पाणी निथळलं. ते काचेकडे बघत होते, आणि मला दिसत होतं की त्यांना अजून आपल्या डोळ्यांवर पुरता विश्वास बसलेला नाही.

"ईनबाई," ते म्हणाले, "तुम्ही पाहा. अन् सांगा."

मी पाहिलं. आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. मग सांगितलं, "खाली, उजव्या कोपऱ्यात. एक आहे."

त्यांनी वाकून बघितलं, दिसला तेव्हा मान डोलावली, आणि फिल्मची कड उचलली. मी बाटली भरून आणली आणि पुन्हा पाणी मारायला उभी राहिले.